पुढच्यास ठेच लागली, मागच्याला कळलेच नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अणुवीज केंद्रांतील अपघातांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. किरणोत्सर्गाची मात्रा कशी मोजतात आणि अपघातांची सात पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय श्रेणी कशी लावतात, हे लेखकाने सोप्या भाषेत समजावून दिले आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. मात्र अपघातांची कारणे त्यांनी ‘नैसर्गिक आपत्ती’ आणि ‘मानवी चूक’ या दोन शब्दांत उरकली, आणि ती वाचून माझे समाधान झाले नाही. मी एका औष्णिक वीज केंद्रात एकतीस वर्षे टर्बाइन विभागात काम करून निवृत्त झालो. अणुभट्टी मी आतून कधीही पाहिलेली नाही, हे आधीच सांगतो. पण भट्टीच्या अलीकडे जे काही असते, म्हणजे वाफ, टर्बाइन, जनरेटर, पंप, व्हॉल्व्ह आणि केबल, ते दोन्हीकडे बरेचसे सारखेच असते, आणि अणुकेंद्रांतले कित्येक मोठे अपघात याच ओळखीच्या वस्तूंपासून सुरू झाले आहेत.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चार वाजता पाणी पुरवणारे पंप ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. भट्टीतला दाब वाढला, तो कमी करणारा व्हॉल्व्ह आपोआप उघडला आणि नंतर बंद व्हायचा तो अडकून उघडाच राहिला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद झाल्यासारखेच दाखवत होता, कारण तो व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवत नसून ‘बंद हो’ हा हुकूम गेला की नाही एवढेच दाखवत होता. त्या व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप तापलेला असल्याचा आकडा कर्मचाऱ्यांसमोर होता, परंतु तो व्हॉल्व्ह पूर्वीपासूनच थोडा गळत असल्याने तापलेल्या पाइपची त्यांना सवय झाली होती. दोन तासांहून अधिक काळ भट्टीतले पाणी त्या वाटेने निघून जात राहिले, आणि भट्टी पाण्याने गच्च भरली आहे अशा समजुतीने कर्मचाऱ्यांनी आपोआप सुरू झालेला आपत्कालीन पाण्याचा पुरवठा स्वतःच्या हाताने कमी केला. इंधनाचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्याकडची एक रात्रपाळी आठवली. पॅनेलवर हिरवा दिवा होता, म्हणजे ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद. पण खाली फेरी मारणाऱ्या हेल्परच्या हाताला पाइप गरम लागला आणि तो दोन मजले चढून सांगायला आला. मी त्याला आधी वेड्यात काढले, कारण माझा दिव्यावर विश्वास होता. आमच्याकडे त्या चुकीची किंमत थोडी वाफ आणि साहेबांची बोलणी एवढीच होती. ‘मानवी चूक’ हा शब्द मला अपुरा वाटतो तो यासाठी, की ज्याने तसा दिवा बसवला त्याची चूक या शब्दात कधीच मोजली जात नाही. आणि थ्री माइल आयलंडच्या अठरा महिने आधी, सप्टेंबर १९७७ मध्ये, ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात अगदी तसाच व्हॉल्व्ह तसाच उघडा राहिला होता आणि तेथील कर्मचाऱ्यांचीही सुरुवातीला तशीच फसगत झाली होती. तेथे भट्टी कमी क्षमतेवर चालत होती, व्हॉल्व्ह वीसेक मिनिटांत ध्यानात आला आणि निभावले. ती हकिकत थ्री माइल आयलंडच्या कंट्रोल रूमपर्यंत कोणी पोहोचवली नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. अणुकेंद्रांच्या इतिहासात पुढच्याला ठेच लागलेली वारंवार दिसते, पण ती मागच्याच्या कानावर वेळेत गेलेली फारशी दिसत नाही.

येथे आमच्या आणि अणुकेंद्राच्या कामातला एक मोठा फरक वाचकांसमोर ठेवला पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. आमचा बॉयलर ट्रिप झाला की कोळसा थांबतो, जाळ विझतो आणि प्रश्न बव्हंशी संपतो. अणुभट्टीतली अणू फुटत जाण्याची साखळी प्रक्रिया काही क्षणांत थांबवता येते, परंतु इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ राखेखालच्या निखाऱ्यासारखे धगधगत राहतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणी ही धग मूळ उष्णतेच्या सुमारे सहा-सात टक्के असते आणि एका दिवसानंतरही साधारण अर्धा टक्का उरते. सातशे मेगावॉट विजेच्या भट्टीत उष्णता त्याच्या तिप्पट निर्माण होते हे लक्षात घेतले, तर अर्धा टक्का म्हणजे दहा मेगावॉटच्या आसपास उष्णता झाली, आणि तिला कळ दाबून विझवता येत नाही. ती पाण्यानेच वाहून न्यावी लागते, पाण्याला पंप लागतो आणि पंपाला वीज लागते. ही वीज तुटली की काय होते याची कल्पना करण्यासाठी जपानपर्यंत जायची गरज नाही.

उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. टर्बाइन विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या अंगावर या वाक्याने काटा येतो. पाती तुटली की रोटरचा तोल जातो आणि सगळा संच थरथरू लागतो. त्या हादऱ्यांनी जनरेटर थंड ठेवणाऱ्या हायड्रोजनची सीले निकामी झाली, हायड्रोजन बाहेर पडून पेटला, वंगणाचे तेल पेटले आणि आग केबलच्या वाटेने पसरत गेली. नेहमीच्या विजेच्या केबल आणि आपत्कालीन विजेच्या केबल पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नसल्याने दोन्ही जळाल्या. जवळजवळ सतरा तास केंद्र विजेविना होते आणि कंट्रोल रूममध्ये धूर भरल्याने कर्मचाऱ्यांना ती सोडावी लागली. त्याआधीच त्यांनी भट्टी हाताने बंद केली होती. नंतर काही जण बॅटऱ्या घेऊन इमारतीत वर चढले आणि साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होऊ नये म्हणून बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडणारे व्हॉल्व्ह त्यांनी हाताने उघडले. आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप वापरून बाष्पजनित्रांत पाणी चढवण्यात आले आणि भट्टी वाचली. बाहेर किरणोत्सर्ग गेला नाही. अंधारात जिने चढून गेलेल्या त्या माणसांची नावे आपल्याकडे शाळेतल्या मुलांना सोडाच, वीज खात्यात जन्म घालवलेल्यांनाही ठाऊक नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता ठेच पाहा. अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी हवेची गळती शोधण्यासाठी एका कामगाराने पेटती मेणबत्ती केबलच्या भोकाजवळ धरली, भोवतालचा फोम पेटला आणि काही तास जळत राहिलेल्या त्या आगीने सुरक्षा यंत्रणांच्या केबल एकाच वेळी निकाली काढल्या. राखीव केबल मुख्य केबलच्या शेजारून नेऊ नये आणि मध्ये आगीला दाद न देणारा अडसर असावा, हा धडा तेव्हापासून जगाच्या अणुउद्योगाला माहीत होता. नरोऱ्याला आग लागली ती अठरा वर्षांनी. पात्यांच्या रचनेतील दोषाची सूचनाही मूळ आराखडा देणाऱ्या कंपनीकडून काही वर्षे आधी येऊन पडली होती. यात नैसर्गिक आपत्ती कोणती?

चेर्नोबिलविषयी वाचकांना बरेच माहीत असते, म्हणून एवढेच लिहितो. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या क्रमांकाच्या भट्टीत जी चाचणी चालली होती ती मुळात सुरक्षेसाठीच होती: बाहेरची वीज गेल्यास, फिरत राहिलेल्या टर्बाइनच्या वेगावर डिझेल जनरेटर सुरू होईपर्यंत पंप चालतील का, हे पाहायचे होते. भट्टीची क्षमता ठरल्यापेक्षा फार खाली आली होती, आपत्कालीन शीतकरण बंद करून ठेवले होते आणि साखळी प्रक्रिया आवरणाऱ्या नियंत्रक दांड्या जवळपास सगळ्या वर ओढलेल्या होत्या. शेवटी भट्टी बंद करण्याची कळ दाबली, तेव्हा खाली येणाऱ्या दांड्यांच्या टोकाकडील ग्रॅफाइटने पहिल्या काही सेकंदांत भट्टीचा जोर उलट वाढवला. ब्रेक दाबावा आणि गाडीने वेग घ्यावा, असा हा प्रकार. ही उणीव लिथुआनियातील इग्नालिना केंद्रात १९८३ सालीच आढळली होती. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी १९८६ मध्ये सगळा दोष पाळीवरच्या माणसांवर टाकला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने १९९२ साली आपला पूर्वीचा निष्कर्ष सुधारून भट्टीच्या रचनेला आणि माहिती दडवण्याच्या पद्धतीला जबाबदार धरले. तोपर्यंत पाळीवरची कित्येक माणसे वारली होती आणि काही तुरुंगात जाऊन आली होती.

फुकुशिमाला तर ‘त्सुनामीमुळे झालेला अपघात’ असेच म्हटले जाते. ११ मार्च २०११ चा भूकंप ९.० तीव्रतेचा होता, आणि चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या तो जाणवताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. पाऊण तासाने चौदा-पंधरा मीटर उंचीची लाट आली. केंद्राची तयारी सहा मीटरपेक्षाही कमी लाटेची होती आणि बहुतेक डिझेल जनरेटर तळघरात होते. मूळचा पस्तीस मीटर उंचीचा कडा बांधकामाच्या वेळी दहा मीटरपर्यंत कापून काढलेला होता. पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते, असा हिशेब केंद्र चालवणाऱ्या खुद्द कंपनीच्याच लोकांनी २००८ साली मांडला होता आणि तो बाजूला ठेवण्यात आला. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेले ओनागावा केंद्र मात्र सुखरूप राहिले, कारण सन ८६९ मधील जोगान लाटेची आठवण ठेवणाऱ्या यानोसुके हिराई यांच्यासारख्या अभियंत्याने खर्चाची कुरबुर न जुमानता ते सुमारे पंधरा मीटर उंचीवर बांधण्याचा आग्रह धरला होता. भोवतालच्या गावांतले बेघर झालेले लोक त्या दिवशी त्याच अणुकेंद्राच्या आवारात आसऱ्याला गेले. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने जुलै २०१२ मध्ये फुकुशिमाचा अपघात मानवनिर्मित असल्याचे स्पष्ट लिहिले, आणि नियंत्रण ठेवणारे व ज्यांच्यावर नियंत्रण ठेवायचे ते एकाच ताटात जेवत होते, अशा अर्थाची टीका केली. आपल्याकडेही भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या दुबळ्या अधिकारांवर बोट ठेवले होते.

खानदेशच्या वाचकाने हे सगळे का वाचावे, असे कोणी विचारील. आपली तापी मुलताईहून निघते, हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा करीत उकाईच्या जलाशयात जाते, आणि तेथून खाली गुजरातेतील काकरापारला पोहोचते. काकरापारला अणुवीज केंद्र आहे. तेथे २२० मेगावॉटच्या दोन जुन्या आणि ७०० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या आहेत. नव्यांपैकी एक २०२३ मध्ये आणि दुसरी २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. नवापूरहून हे केंद्र सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत आहे. जून १९९४ मध्ये दक्षिण गुजरातेत अतिवृष्टी झाली तेव्हा शेजारच्या तलावाचे पाणी तेथील टर्बाइन इमारतीत शिरले होते. पाणी बाहेर जावे म्हणून ठेवलेल्या वाटांनीच ते आत आले. बाहेर काही अपाय झाला नाही. पण पाणी, तळघर आणि विद्युत यंत्रणा यांचे गणित सतरा वर्षांनी फुकुशिमाला ज्या रीतीने चुकले, त्याची एक झलक आपल्या तापीकाठी आधीच दिसलेली होती. पुढे २०१५ च्या जुलैत दुसऱ्या भट्टीत शीतक नळीची, म्हणजे इंधन थंड ठेवणारे पाणी जिच्यातून वाहते त्या नळीची, गळती झाली आणि ११ मार्च २०१६ रोजी, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, पहिल्या भट्टीत शीतक म्हणून वापरल्या जाणाऱ्या जड पाण्याची गळती होऊन केंद्रात आणीबाणी जाहीर करावी लागली. भट्टी आपोआप बंद झाली, सुरक्षा यंत्रणा चालल्या आणि बाहेर किरणोत्सर्ग मर्यादेत राहिला, हे सांगितलेच पाहिजे. नळ्यांवर बाहेरच्या बाजूने गंजाचे डाग पडले होते. मग सगळ्या नळ्या बदलूनच ती भट्टी २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली.

तापीचे पाणी आपल्याकडून तिकडे जाते, पण पावसाळ्यातला वारा तिकडून आपल्याकडे येतो.

परिणामांबद्दल बोलताना लोक मृतांच्या आकड्यांवर भांडतात. चेर्नोबिलच्या स्फोटात त्या रात्री दोघे आणि तीव्र किरणोत्सर्गाने पुढच्या काही महिन्यांत अठ्ठावीस जण गेले. दीर्घकालीन कर्करोगांच्या अंदाजांत मोठी तफावत आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुधाची गोष्ट. स्फोटातून बाहेर पडलेले किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसले, गाईंच्या पोटात गेले, दुधात उतरले आणि मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठले. तेव्हा लहान असलेल्यांपैकी सहा हजारांहून अधिक जणांना २००५ पर्यंत थायरॉइडचा कर्करोग झाल्याची नोंद आहे. बहुतेक उपचारांनी बरे झाले, परंतु यातले पुष्कळसे टाळता येण्यासारखे होते, कारण या आयोडीनची ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते. काही आठवडे ते दूध मुलांना दिले नसते तरी पुरले असते. इंग्लंडमध्ये १९५७ साली विंडस्केलच्या भट्टीला आग लागली तेव्हा सुमारे पाचशे चौरस किलोमीटरमधले दूध गोळा करून फेकून देण्यात आले होते. म्हणजे हाही धडा एकोणतीस वर्षे जुना होता. शेजारच्या पोलंडने तातडीने एक कोटीहून अधिक मुलांना, ग्रंथीत किरणोत्सारी आयोडीन साठू नये म्हणून, साध्या आयोडीनचा डोस पाजला; चेर्नोबिल केंद्राशेजारच्या प्रिप्याच शहराच्या सुमारे एकोणपन्नास हजार रहिवाशांना मात्र छत्तीस तासांनी तीन दिवसांसाठी म्हणून बाहेर काढले, आणि ते पुन्हा राहायला परतले नाहीत.

फुकुशिमात उलटे घडले. किरणोत्सर्गाने झालेला एकच मृत्यू जपान सरकारने २०१८ मध्ये मान्य केला, पण स्थलांतराची दगदग, तुटलेले औषधोपचार आणि हाय खाऊन त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक लोक दगावले, त्यांत म्हातारेच अधिक. इस्पितळातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना तासन्‌तास बसमधून फिरवले गेले. केंद्राजवळच्या नामिए गावचे लोक ज्या त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले, वाऱ्याने किरणोत्सारी धूळ नेमकी तिकडेच नेली. वारा कोठे जाणार याचे संगणकाचे अंदाज सरकारकडे होते, ते गावापर्यंत आले नाहीत. आणि केंद्रापासून चाळीसेक किलोमीटरवरचे इताते हे गाव वीस किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर म्हणून सुरुवातीला हलवलेच नव्हते. महिन्याभराने ते रिकामे करावे लागले.

आपल्या देशात केंद्राबाहेरच्या आणीबाणीचे नियोजन सोळा किलोमीटरच्या वर्तुळापुरते केले जाते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेने मोठ्या भट्ट्यांसाठी शंभर किलोमीटरपर्यंत किरणोत्सर्ग मोजण्याची आणि तीनशे किलोमीटरपर्यंत दूध, पाणी व शेतमाल यांवर तात्पुरते निर्बंध घालण्याची तयारी ठेवावी, असे सुचवले आहे. या हिशेबाने नवापूर आणि नंदुरबार पहिल्या वर्तुळात येतात, आणि धुळे, जळगाव व मी राहतो ते भुसावळही दुसऱ्यात. काकरापारच्या भट्ट्या चेर्नोबिलच्या जातीच्या नाहीत, आणि अपघात होईलच असे मी मुळीच म्हणत नाही. मी अणुविजेचा विरोधकही नाही. ज्याच्या कपड्यांवरची कोळशाची राख तीस वर्षे निघाली नाही, त्याने दुसऱ्या विजेला धोकादायक म्हणावे यात फारसा अर्थ नाही. औष्णिक केंद्रांचा धूर दर वर्षी गाजावाजा न करता किती माणसे नेतो, याचा हिशेब कोणी श्रेणी लावून मांडत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यांत काकरापारविषयी एखादे पान असल्यास प्रशासनाने ते प्रसिद्ध करावे, आणि नसल्यास तयार करावे. त्या पानावर दूध संकलन केंद्रांना कोणी व किती तासांत कळवायचे, वाऱ्याचा अंदाज कोणाकडून येणार, आयोडीनच्या गोळ्यांचा साठा कोणत्या ग्रामीण रुग्णालयात ठेवायचा, आणि रुग्णांना हलवायचे की घरातच दारे-खिडक्या लावून ठेवायचे याचा निर्णय कोण घेणार, एवढे तरी लिहिलेले असावे. नवापूर तालुक्यात ते मराठीबरोबरच मावची आणि भिलीतही सांगितले जावे, कारण सायरन वाजल्यावर भाषांतर करायला कोणाला सवड नसते. केंद्रात घडणाऱ्या लहानसहान बिघाडांची माहितीही आपल्या दैनिकाने वेळोवेळी मागवून, गुजरात आवृत्तीच्या भरवशावर न राहता, खानदेशच्या पानावर छापावी. नळीवर गंजाचा डाग सापडला, ही बातमी मला मंत्र्यांच्या दौऱ्यापेक्षा अधिक कामाची वाटते.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त वीज कर्मचारी,
भुसावळ, जि. जळगाव